खुंटीवरची घंटी

दहाव्याच्या दिवशी घोडनदीच्या घाटावर पिंड ठेवून मी दोन पावलं मागं सरलो आणि पाठ वळायच्या आत कावळा शिवला. एक नाही, तीन आले. आमच्या वस्तीवर दुधाचा टेम्पो घेऊन येणारा रामनाथ शेजारीच उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लई भाग्याची म्हातारी! एक इच्छा मागं ठेवली न्हाई बघा."

लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नोव्हेंबरची गार सकाळ होती, तरी नुकत्याच भादरलेल्या माझ्या डोक्यावरून घाम ओघळत होता. आईची इच्छा मागं राहिली होती. ती मला ठाऊक होती, कारण ती मीच मोडली होती, आणि वर ती पुरी झाली असं मरणाऱ्या बाईला सांगितलं होतं. माझ्या थापेवर आईनं विश्वास ठेवला आणि आईच्या समाधानावर कावळ्यानं. पाखरालासुद्धा मी फसवलं, असं मला तिथं उभ्या उभ्या वाटलं.

मी भगवंत. वय एकसष्ट. अवसरी बुद्रुकला आमची सहा एकर बागायत आहे, कांदा, बटाटा आणि थोडा ऊस. डोकं तापट आहे, हे मी सांगायला नको, गावात कुणालाही विचारा. आई साळुबाई एक्याण्णव वर्षांची होऊन गेली.

आमच्याकडं दशक्रियेला प्रवचन होतं आणि मागून श्रद्धांजलीची भाषणं. लग्नाला यायला सवड नसलेले पुढारी दहाव्याला हमखास येतात. ज्यानं लहानपणी आमच्या बांधावरची बोरं चोरताना आईच्या हातचे धपाटे खाल्ले होते, त्यानं माईक धरून तिला मातृतुल्य म्हटलं. पण जे सांगितलं ते खोटं नव्हतं. कळंबची लेक, तेराव्या वर्षी या घरात आली. अडतिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. पदरात तीन पोरं, त्यातला आठ वर्षांचा मी सगळ्यांत थोरला. गड्याच्या बरोबरीनं तिनं विहिरीची माती डोक्यावरून वर काढली. सोमवार कधी मोडला नाही. श्रावणात अनवाणी भीमाशंकरला जायची, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत. पेरणीची पहिली मूठ कपाळाला लावल्याशिवाय मातीत टाकली नाही, आणि विहिरीला हात जोडल्याशिवाय मोटरीचं बटण दाबू दिलं नाही.

ती देवाशी भांडायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही. एका साली गारांनी कांदा झोपवला, तेव्हा तिनं देव्हाऱ्यापुढं उभं राहून शंभूला बजावलं, "औंदा मी येत न्हाई. बस तिथंच डोंगरावर." श्रावणातले तीन सोमवार खरंच गेली नाही. चौथ्याला पहाटे उठून निघाली. मी म्हणालो, का गं? म्हणाली, "त्यो काय खाली उतरायचा न्हाई. शहान्यानंच जावं लागतं."

भाषणं संपली तशी भागूआत्या काठी टेकत माझ्यापाशी आली. ती आईची जन्माची मैत्रीण, नजर अजून धड आहे. तिनं गर्दीवर एकदा डोळे फिरवले.

"भगवंता, सोनबा दिसत न्हाई. भावाला सांगावा धाडला न्हाई व्हय रं?"

"फोन लागंना, आत्या."

हेही अर्धंच खरं होतं. फोन लागत होता, तिकडून कुणी उचलत नव्हतं.

सोनबा आईचा भाऊ, रक्ताचा नव्हे. तो मेंढपाळ, पारनेरच्या बाजूचा. दिवाळी झाली की तीनशे मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघतो आणि वाटेत चार रात्री आमच्या रानात मेंढरं बसवतो. चार रात्रींच्या लेंड्या पडल्या की त्या रानात कांदा कसा येतो ते एकदा येऊन बघा. वडील गेले त्या साली आईनं बैल विकले होते आणि खताला काही उरलं नव्हतं. सोनबाचा बाप न विचारता मेंढरं घेऊन रानात शिरला आणि बरोबरच्या वीस वर्षांच्या सोनबाला म्हणाला, "ही तुझी भन. हिचं रान उपाशी ठिवायचं न्हाई." आईला पाठचा भाऊ नव्हता. त्या सालापासून तिची भाऊबीज सोनबा आल्याशिवाय व्हायची नाही. पंचांगातली भाऊबीज कधीच होऊन गेलेली असायची, पण तिची ओवाळणी ताटात झाकून ठेवलेली असायची. त्यामुळं तो माझा मामा आणि त्याची बायको गजराबाई माझी मामी.

रानातून निघताना मामा म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटी सोडून आईच्या हातात द्यायचा. ती देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला लटकायची. देवांना गंध लावलं की आई एक बोट घंटीलाही लावायची. दिवाळीनंतर ती परत मेंढीच्या गळ्यात जायची, एवढं मला माहीत होतं. कधी आणि कशी, ते लहानपणी पाहिलं असेल तर विसरलो. मेंढरं यायची पहाटे, आणि पहाटे मी दूध घेऊन डेअरीच्या रांगेत.

त्रेपन्न वर्षं हे चाललं. यंदा ते मी मोडलं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या नातवाचा, सोमनाथचा फोन आला, "भाऊ, आठ दिवसांनी येतो." मी नुकत्याच ठिबकच्या नव्या नळ्या अंथरल्या होत्या. तीनशे मेंढरांचे खूर त्यावरून गेले असते. उचलून ठेवता आल्या असत्या, दोन दिवसांचं काम. मला ते करायचं नव्हतं. शिवाय उसात बिबट्या फिरत होता, वस्तीवरची दोन कुत्री गेली होती, मेंढरांच्या वासानं तो घरापर्यंत येईल अशी कुरकुर शेजारी करत होते. हे सगळं मी सोमनाथला सांगू शकलो असतो. पण मामा म्हणाला असता, नळ्या आम्ही उचलतो, राखण आम्ही करतो, आणि माझं तोंड बंद झालं असतं. म्हणून मी असं कारण दिलं ज्यापुढं तो काही बोलणार नाही.

"औंदा नको, सोमनाथ. आईच नको म्हणतीय."

फोनमध्ये बराच वेळ नुसती मेंढरं ओरडत राहिली.

"आज्जी म्हनली?"

"हो. तिनंच सांगितलंय."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

घरात मी पोराला आणि सुनेला, ऋषीला आणि श्रेयाला, तेच सांगितलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. नजर जवळजवळ गेली होती, कान मात्र सशाचे. खुंटीवरची घंटी तिनं श्रेयाकडून काढून घेऊन उशाशी ठेवली होती आणि दिवसातून दहा वेळा विचारायची, "सोनबा आला का?" ऋषीला वाटायचं, आजी स्वतःच नको म्हणाली आणि विसरली. मी येतील, येतील म्हणत दिवस ढकलत होतो. डॉक्टर म्हणाले, आता चार-सहा दिवस. त्या संध्याकाळी तिनं माझं मनगट धरलं.

"भगवंता, खरं सांग. मेंढरं बसली का रानात?"

मी म्हणालो, "बसली की. आजच आली."

मग ते खरं करून दाखवायला हवं होतं. ऋषीनं मोबाईलवर मेंढरांचा व्हिडिओ शोधला आणि फोन मागच्या खिडकीत ठेवला. बें बें सुरू झालं, कुत्रं भुंकलं, कुणीतरी शीळ घातली. आईनं मान जराशी वळवली. बराच वेळ ऐकत राहिली. मग हसली आणि हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला.

"किती हायेत?" तिनं विचारलं.

"तीनशे."

"बरं," म्हणाली. सोनबाला बोलाव, असं म्हणाली नाही. तो दमून आला असेल म्हणून नसेल म्हणाली, अशी मी माझी समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी तिनं श्रेयाकडून ट्रंक उघडवली, काहीबाही काढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं एक गाठोडं बांधलं. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. ते माझ्या हातात दिलं.

"हे गजरीच्या हातात दे. दुसऱ्या कुनाकडं धाडू नको. तू स्वता जा."

"रानातच तर आहेत. आत्ता देतो."

मी गाठोडं घेऊन बाहेर पडलो आणि विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत, जुन्या पोत्यांच्या मागं कोंबलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

"काय म्हनली?"

"रडली."

"गाठ सोडून बघितलं का तिनं?"

"बघितलं की."

आईनं तोंड भिंतीकडं केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्यानंतर घंटी ना उशाशी दिसली ना खुंटीला, तेव्हा मला वाटलं, बायकांनी आवराआवरीत घंटी कुठंतरी ठेवली असेल.

तर त्या दहाव्याला भागूआत्याला थाप मारून मी जेवणाच्या पंगतीत वाढत हिंडत होतो आणि काय कुणाच्या ताटात पडतंय याच्याकडं माझं लक्ष नव्हतं. हात धुताना रामनाथ सहज बोलून गेला, "सोनबाचा वाडा? काल बघितला की म्या. मढच्या पुढं, धरनाच्या कडंला बसलाय. उद्या पहाटं माळशेज उतरनार म्हनत व्हते."

वाडा म्हणजे मेंढपाळांचा उघड्यावरचा तळ. एकदा घाट उतरले की मेंढरं कोकणात पांगतात. जेठात परतताना पावसाच्या धाकानं ती कुठल्या वाटेनं पळतील याचा नेम नाही. आज नाही गेलो तर वर्ष गेलं, आणि मामाचं वय त्र्याहत्तर. बहिणीनं दारातून हाकललं, हे मनात घेऊनच तो कधीतरी जाणार. इकडं घाटावर माईक लावून आईचं गुणगान झालं होतं, आणि तिकडं एका वाड्यावर तिच्या नावाला माझ्यामुळं काळं लागलं होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते.

मी गाठोडं आणायला विहिरीकडं निघालो. आमचं कुत्रं नेहमी पुढं पळतं, ते उसाच्या कडेला आल्यावर थांबलं आणि पोटात शेपूट घालून मागं फिरलं. मी शिव्या घातल्या, तरी येईना. मोटरीच्या खोलीपाशी व्हॉल्व्ह गळत होता आणि चिखल झाला होता. चिखलात पंजे होते. माझ्या तळहाताएवढे, ताजे, कडेचं पाणी अजून आत झिरपत होतं. उसाची पानं दोन ठिकाणी हलली. वारा नव्हता.

मी पळालो नाही. आत शिरलो, दार लावलं, पोती ओढली, गाठोडं छातीशी धरलं आणि तसाच अंधारात उभा राहिलो. रानात एक मेंढरू नव्हतं, तरी हा आलाच होता. मामाची पाच कुत्री आणि चार गडी रात्रभर शेकोटी करून बसले असते तर कदाचित आला नसता. दहा मिनिटांनी बांधावरून ऋषीची हाक आली आणि त्याच्या पिकअपचा हॉर्न वाजला, तेव्हा मी बाहेर पडलो.

"एवढं काय आहे त्यात?" ऋषीनं गाठोड्याकडं बघून विचारलं.

"चल, मढला जायचंय. आत्ता."

"आज? घरात पाहुणे आहेत, पप्पा."

"चल म्हणतो ना!" मी ओरडलो. मला ओरडायला काही लागत नाही.

नारायणगावला ट्रॅफिकनं पाऊण तास खाल्ला. पुढं टोमॅटोचे टेम्पो, मागं उसाच्या ट्रॉल्या, आणि सूर्य डोंगराकडं झुकत चाललेला. गाडीनं खड्ड्यात आदळावं की मांडीवरच्या गाठोड्यात काहीतरी दणकायचं. नारळ असेल म्हटलं. आळेफाट्याच्या पुढं ऋषीनं पुन्हा विचारलं, आणि मी सांगितलं. आजी नको म्हणाली नव्हती, मी म्हणालो होतो.

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"म्हणजे आजी विसरली नव्हती? ती खरंच वाट बघत होती?"

मी मान डोलावली.

"आणि तुम्ही माझ्या मोबाईलवर मेंढरं वाजवली. माझ्या हातानं."

माझा पोरगा माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. त्यानं गाडी सुरू केली, आणि ओतूर ओलांडून मढ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

धरणाच्या उतारावर वाडा दिसला. दोन घोडी, जाळीचं कुंपण, आत कोकरं. मेंढरं अजून चरून यायची होती. तीन दगडांच्या चुलीपुढं मामी भाकरी थापत होती. पिकअपचा आवाज ऐकून सोमनाथ आडवा आला. त्यानं मला ओळखलं आणि तिथंच पाय रोवले.

"कशाला आलाय, भाऊ? आज्जीनं नको म्हनलं, आमी वाट सोडली. आता हितनं बी उठवायला आलाय का?"

मी डोक्यावरची टोपी काढली.

सोमनाथ एकदम बाजूला झाला. मामीनं वर पाहिलं. माझं तुळतुळीत डोकं, भादरलेली मिशी. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिला भान नव्हतं.

"कवा?"

"आज दहावा."

ती रडली नाही. तिथंच बसून राहिली आणि खालच्या मातीकडं बघत बोलली, "आमाला नको म्हनली आनि गेली. काय चुकलं व्हतं रं आमचं? तुझ्याशी फोनवर बोलनं झाल्यापासनं ह्यो मानूस धड जेवत न्हाई. रातचा उठून बसतो. म्हंतो, आक्काचं मन कशानं दुखलं? गेल्या साली कोकरानं तिची मेथी खाल्ली व्हती, तेवढ्यानं का?"

तेवढ्यात मेंढरं आली. धूळ, बें बें, कुत्री, आणि सगळ्यांच्या मागून खांद्यावर काठी टाकलेला मामा. गेल्या वर्षीपेक्षा वाकलेला. तो जवळ आला, माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि काठी खाली ठेवली. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

मी गाठोडं मामीपुढं धरलं. "आईनं दिलंय. तुमच्याच हातात द्यायला सांगितलं होतं."

आता खरं सांगतो. त्या क्षणी आणखी एक थाप माझ्या तोंडात तयार होती. म्हातारीचं डोकं शेवटी शेवटी फिरलं होतं, बोलून गेली, मग पस्तावली आणि हे धाडलं. सगळं नीट बसत होतं. कुणी मला विचारलं नसतं. ऋषी गाडीला टेकून माझ्याकडंच बघत होता.

मामीनं एकेक गाठ सोडली. दातांनी सोडावी लागली. आत हिरवं इरकली लुगडं, एक खण, आईनं धरलेल्या कांद्याच्या बियाण्याची पुरचुंडी, आणि फडक्यात करकचून बांधलेलं काहीतरी. फडकं निघालं आणि घंटी वाजली.

पहिल्यांदा म्होरक्या मेंढीनं मान वर केली. मग मामा मटकन खाली बसला.

"घंटी परत धाडली," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातानं. म्हंजी खरंच तोडलं आक्कानं."

"नाही मामा."

"घंटी परत म्हंजी तुटलं. माझ्या बापानं घालून दिल्यालं. आता काय बोलायचं राहिलं?"

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस लहान पोरासारखा ओठ आवळून रडू दाबत होता. माझी तयार थाप घशातच राहिली.

"मामा, आईनं नको म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं. नळ्या उचलायचा कंटाळा होता. तुम्ही माझं ऐकलं नसतं म्हणून तिचं नाव घेतलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती वाट बघत होती."

सोमनाथ माझ्या अंगावर आला. मामानं नुसता हात वर केला, तसा थांबला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. मला वाटलं, मारावं त्यानं.

मामी मात्र घंटीकडं बघत होती. "आनि तिला काय सांगितलंस? आमी का आलो न्हाई म्हनून?"

"तुम्ही आलात म्हणून सांगितलं. रानात मेंढरं बसली म्हणून. मोबाईलवर मेंढरांचा आवाज लावला खिडकीत. तिला खरं वाटलं. हसली, हात जोडले."

"खरं वाटलं?" मामी म्हणाली. "मंग घंटी कुनी बांधली?"

"कुणी म्हणजे?"

"आरं, आक्कानं घंटी बांधल्याबिगर म्होरकी तुमचा बांध वलांडत न्हाई. कवाच न्हाई. पहाटं ती बांधावर यायची, म्होरकीच्या पायावर पानी घालायची, घंटी बांधायची, मंग मेंढरं आत. त्रेपन वर्सं. गेल्या साली सोमनाथनं तिला पाठीवर घेऊन बांधापतूर आनलं व्हतं. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी दुधाच्या रांगेत होतो.

म्हणजे मी म्हणालो, मेंढरं बसली, तेव्हा घंटी तिच्या उशाखाली होती. खिडकीत मेंढरं ओरडली तेव्हा तिचा हात घंटीवर होता. किती आहेत, असं तिनं मला विचारलं आणि मी तीनशे म्हणालो. गाठ सोडून बघितलं का, असं विचारलं आणि मी बघितलं म्हणालो. प्रत्येक वेळी तिला कळत होतं. पहिल्या शब्दापासून कळलं होतं. एक्याण्णव वर्षांची आंधळी बाई मरणाच्या दारात पडून माझ्या थापा ऐकत होती, आणि आपलं लेकरू उघडं पडू नये म्हणून हसत होती. आणि मग तिनं मला पळवाट राहू नये अशी व्यवस्था केली. घंटी गाठोड्यात घातली आणि म्हणाली, तू स्वतः जा.

मी तिथं धुळीत बसलो आणि रडलो. आई गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो, कामं फार होती.

कावळा का शिवला ते मला तेव्हा कळलं. तिनं तिची इच्छा माझ्या गळ्यात बांधून टाकली होती आणि ती मोकळी झाली होती. मी जाईन, याची तिला खात्री होती. मला स्वतःला नव्हती.

बऱ्याच वेळानं मामानं घंटी उचलली, धोतरानं पुसली आणि माझ्यापुढं धरली. "ऊठ. बांध."

"मी?"

"तिनं तुझ्या हातात दिली व्हती. बांध."

सोमनाथनं म्होरकी धरली. कातड्याचा पट्टा माझ्या हातातून दोनदा निसटला. मेंढी शहाणी, हलली नाही. घंटी बांधून झाली तसं मामीनं कळशीतलं पाणी तिच्या पायावर ओतलं आणि तेव्हा कुठं पदर तोंडात कोंबून हुंदका दिला.

अंधारत आलं होतं. मी मामाच्या पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, "मामा, उद्या निघताना घंटी द्याल ना? मी नेतो."

त्यानं मान हलवली. "रानातनं निघताना घंटी देत्यात. औंदा रान बसलंच न्हाई. कशी देऊ?"

तो रागानं म्हणाला नव्हता. रीत होती तशी सांगितली. मामीनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ऋषीच्या हातात दिल्या, माझ्या दिल्या नाहीत. आम्ही गाडीत बसलो. ऋषीनं किल्ली फिरवली तेव्हा मामा काठी टेकत माझ्या खिडकीपाशी आला. काचेवर हात ठेवून उभा राहिला.

"भगवंता, देव्हाऱ्याजवळची ती खुंटी हाय न्हवं?"

"आहे."

"तेवढी काढू नको."

एवढं बोलून तो वळला आणि मेंढरांत शिरला. परतीच्या वाटेवर ओतूरला आल्यावर ऋषी पहिल्यांदा बोलला. "पुढच्या दिवाळीआधी नळ्या गोळा कराव्या लागतील," म्हणाला. मी म्हणालो, मी करीन.

घरी आलो तर श्रेयानं त्या खुंटीला पिठाची चाळणी अडकवली होती. तिचा काय दोष, मोकळी खुंटी दिसली. मी चाळणी काढून फडताळात ठेवली. तेराव्याला देव पुन्हा मांडले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः पूजा केली, एकेका देवाला गंध लावलं, आणि बोटाला उरलेलं मोकळ्या खुंटीला लावलं.